मदत हवी आहे: घामात मीठ उरतं, मग फुफ्फुसात उलटं कसं?

माझ्या मुलीला सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ) हा आनुवंशिक आजार आहे. कपाळाचा पापा घेतला की ओठांना मीठ लागतं. घामाच्या नळीत सीएफटीआर, म्हणजे क्लोराइडला वाट देणारं प्रथिन, बिघडल्यामुळे क्लोराइड परत शोषलं जात नाही, सोबत सोडियमही बाहेरच राहतं, इथवर डोक्यात शिरलं. पण श्वासनलिकेत म्हणे सोडियमची वाट, म्हणजे ईनॅक, जास्तच उघडी राहते. मीठ आत ओढलं जातं, मागोमाग पाणी, आणि जेमतेम 7 मायक्रोमीटरचा ओला थर आटून कफ चिकटतो. प्रथिन एकच, तऱ्हा दोन!

त्यात 2004 मध्ये उंदरांत ईनॅक वाढवल्यावर फुफ्फुसं तशीच बिघडली, तर 2010 मध्ये सीएफ असलेल्या डुकराच्या नवजात पिल्लांत सोडियमचं शोषण वाढलेलं दिसलंच नाही. मग मानायचं काय? शिवाय ईनॅक रोखणारं अमिलोराइड श्वासातून देऊनही टिकाऊ फायदा का झाला नाही?

रोज नेब्युलायझरमध्ये 7 टक्के मिठाचं पाणी ओतताना वाटतं, हे मीठही ईनॅक ओढून घेत असेल ना?

शरीरक्रियाशास्त्र शिकवणारं कुणी असेल तर सोप्या शब्दांत सांगाल का? उपचारांचं डॉक्टरांशी बोलतेच आहे, मला फक्त हे कोडं सुटायला हवंय.