मदत हवी आहे: गाडी लिफ्ट (उंच) केल्यावर मागून ठक्क आवाज, लांब शॉकअप कोणते घेऊ?

कळमन्याचा_गडी: गाडी दोन इंच लिफ्ट केली, शॉकअप (धक्के झेलणारे दांडे) जुनेच. स्पीडब्रेकरवरून उतरताना मागून ठक्क आवाज येऊन राहिला, सीटपर्यंत जाणवतो. मेकॅनिक म्हणतो, सवय होईल. शनिवारी खिंडसीकडे कच्च्या रस्त्यानं जायचं आहे. कोणते शॉकअप बसतील, लवकर सांगा.

पाटेवाला: गाडी कोणती? लिफ्ट कशानं केली, लांब शॅकल (पाट्याचं टोक गाडीला जोडणारी कडी) की जास्तीचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या)?

वर्धारोड_४बाय४: गॅस भरलेले शॉकअप टाका भाऊ, डोळे मिटून. माझ्या थारला टाकले, फरक लगेच कळला.

कळमन्याचा_गडी: जिप्सी आहे, अजून कोणती असणार! पाटे वाढवले.

पाटेवाला: २०२० नंतरच्या थारला मागे कॉइल (गुंडाळीच्या स्प्रिंग) आहेत, जिप्सीला चारही चाकांवर पाटे. तुलना नको. आणि गॅस असो की ऑइल, लांबी कमी पडली तर चाक खाली जाताना शॉकअप पूर्ण उघडून ठोकणारच.

वर्धारोड_४बाय४: अनुभव सांगितला, वाद नाही घातला.

नियमात_राहा: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचलं का? गाडीत असे बदल आरटीओच्या परवानगीशिवाय चालत नाहीत.

कळमन्याचा_गडी: काका, ते नंतर. आवाजाचं सांगा.

पाटेवाला: कंपनी सोड, आधी टेप घे. चेसिसखाली (गाडीच्या सांगाड्याखाली) स्टँड लाव, नुसत्या जॅकवर खाली शिरू नको. चाकं लटकू दे आणि शॉकअपचा खालचा बोल्ट काढ. सहज निघाला तर लांबी पुरते. हातोडी मारावी लागली तर शॉकअप ताणात आहे. मग वरच्या-खालच्या बोल्टमधलं अंतर मोज. नवा शॉकअप उघडून त्याहून इंचभर तरी लांब हवा. आता एक्सल (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) बंप स्टॉपला (वरच्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत वर उचल, पुन्हा मोज. मिटलेला शॉकअप त्या मापापेक्षा आखूडच पाहिजे, नाहीतर खड्ड्यात तो आधी टेकेल आणि माउंट (शॉकअप अडकवायची जागा) तुटेल. नुसता लांब घेणारे इथेच फसतात.

कळमन्याचा_गडी: आत्ताच केलं. बोल्ट हातोडीनंच निघाला आणि एक्सल दीड इंच खाली आला! पण मधला ब्रेकचा रबरी पाइप तारेसारखा ताणला गेला.

पाटेवाला: एक्सल लगेच वर उचल आणि जुने शॉकअप परत लाव. सध्या तेच एक्सलला धरून पाइप वाचवून राहिले. आधी लांब ब्रेक पाइप, मग लांब शॉकअप. शनिवारी जिप्सी घरीच ठेव.