शांत बसलोय तरी दर ठोक्याला क्यूटी वेगळा का येतो?

पर्वती_रोज
पॉलिसीच्या मेडिकलसाठी परवा टिळक रोडजवळच्या एका लॅबमध्ये ईसीजी काढला. वय ४७, रोज सकाळी पर्वती चढतो, बीपी शुगर नॉर्मल. पहिल्या कागदावर ठोके ९६, क्यूटी (ठोका पडून हृदय परत पुढच्यासाठी तयार व्हायचा वेळ, मिलीसेकंदांत) ३६०, क्यूटीसी (तोच वेळ, ठोक्यांच्या वेगाचा हिशेब धरून) ४५५ आणि खाली मशीनने स्वतःच्या मनाने छापलेलं की बॉर्डरलाइन. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या पाणी प्या, वीस मिनिटं बसा. मग परत काढला तर ठोके ६६, क्यूटी ४००, क्यूटीसी ४२०, म्हणजे एकदम झकास. आता गंमत अशी की टेक्निशियन मुलीने मला स्क्रीनवर मोठं करून दाखवलं तर एकामागोमाग ठोक्यांचा क्यूटी ३९८, ४०२, ३९७, ४०१ असा येत होता आणि मी तर पुतळ्यासारखा पडलेलो. हृदयाला स्वतःचा पेसमेकर असतो ना, मग हे वरखाली कोण करतंय? डोक्यातलं टेन्शन थेट तिथे पोचतं का? बायको म्हणते पोचतं.

सदाशिव_खवचट
टिळक रोडला गाडी कुठे लावलीत ते आधी सांगा. क्यूटीचं नंतर बघू.

टी_वेव्ह
मी बायोमेडिकल सिग्नलवर काम करते, डॉक्टर नाही, त्यामुळे तेवढंच धरा.

आधी ४५५ चा निकाल लावू. मशीन बहुतेक बॅझेटचं १९२० चं सूत्र लावतं, क्यूटी भागिले दोन ठोक्यांतल्या अंतराचं वर्गमूळ. ठोके वेगात असले की हे सूत्र आकडा फुगवतं. त्याच वर्षीचं फ्रिडेरिशियाचं सूत्र घनमूळ घेतं, त्यात तुमचे दोन्ही कागद टाकले तर ४२१ आणि ४१३ येतात, म्हणजे ३५ चा फरक ८ वर आला. हृदय तेच, गणित वेगळं.

आता दर ठोक्याचं. पेसमेकर स्वतःचा आहे हे खरं, पण त्याच्यावर दोन नसांचा लगाम असतो. व्हेगस एकदम चपळ, तिचा परिणाम सेकंदाभरात दिसतो, म्हणून श्वास घेताना ठोके जरा जोरात आणि सोडताना सावकाश होतात. सिम्पथेटिक, म्हणजे धावपळीची नस, तिला काही सेकंद लागतात. प्रत्यारोपण करून बसवलेल्या हृदयात या नसा तोडलेल्या असतात, तर ते आरामातसुद्धा ९०-१००ने चालतं आणि श्वासाबरोबरचं वरखाली जवळजवळ गायब होतं.

क्यूटी मात्र खालच्या मोठ्या कप्प्यांचा मामला आहे, ठोका पडल्यावर तिथला करंट परत मूळपदावर यायला लागणारा वेळ. व्हेगसचं जाळं तिथे वरच्या कप्प्यांपेक्षा विरळ, सिम्पथेटिकचं चांगलं दाट. शिवाय ठोक्यांचा वेग बदलला की क्यूटी लगेच पूर्ण बदलत नाही, दोनेक मिनिटं घेतो. आच कमी केली म्हणून तवा लगेच गार होतो का? म्हणून श्वासाबरोबर ठोक्यांतलं अंतर ४०-५० मिलीसेकंदांनी हललं तरी क्यूटी दोन-चार मिलीसेकंदच हलतो, तुमचं ३९७ ते ४०२ तेच आहे.

टेन्शनमध्ये काय होतं तर नॉरअॅड्रेनलीन स्नायूच्या पेशीत एकाच वेळी दोन उलटी कामं करतं. कॅल्शियम आत जास्त येतं, त्याने रिकव्हरी लांबते, आणि पोटॅशियम बाहेर सोडणारे सावकाश उघडणारे दरवाजे जास्त उघडतात, त्याने ती आखडते. ही ओढाताण प्रत्येक पेशीत सारखी नसते आणि नसही सगळीकडे सारखी पसरलेली नसते, म्हणून सिम्पथेटिक चेकाळली की क्यूटीचं डळमळणं वाढतं. २०१४ मध्ये जर्मनीतल्या लोकांनी तर टी वेव्हमध्ये, म्हणजे ईसीजीत क्यूटीच्या शेवटी येणाऱ्या उंचवट्यात, दहा सेकंदांहून सावकाश चालणारी लाट शोधली आणि ती सिम्पथेटिकशी जोडली. तेव्हा वहिनी अगदीच चूक नाहीत 😄

ओपीडी_नंतर
वरचं बरोबर आहे, फक्त एक पाणी ओततो. ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिमी पळतो, बारीक एक चौकोन म्हणजे ४० मिलीसेकंद, तुमचा फरक त्या चौकोनाचा जेमतेम आठवा भाग होतो. टी वेव्हची शेपटी जमिनीला नेमकी कुठे टेकते यावर दोन डॉक्टरांचं एकमत होत नाही तर मशीनचं काय घेऊन बसलात, आणि श्वासाबरोबर छातीत हृदय जरा फिरतं त्यानेही वेव्हचा आकार बदलतो. म्हणजे त्या चार-पाच मिलीसेकंदांत नस किती आणि नुसता गोंगाट किती हे एका पट्टीवरून कोणी सांगू शकत नाही.

संशोधनात हे मोजतात. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या बर्गर आणि मंडळींनी १९९७ मध्ये इंडेक्स काढला, क्यूटीचं डळमळणं भागिले ठोक्यांचं डळमळणं, त्याचा लॉग. निरोगी माणसात ठोके भरपूर हलतात, क्यूटी कमी. हृदय पसरून अशक्त झालेल्यांमध्ये उलट, ठोके घड्याळासारखे आणि क्यूटी अस्थिर. पण ओपीडीत हा आकडा बघून मी आजवर एकही गोळी लिहिलेली नाही. आम्ही विचारतो ते वेगळंच : क्यूटीसी ५००च्या वर गेलाय का, कधी अचानक शुद्ध हरपली का, घरात कोणी तरुण वयात झटकन गेलं का, पोटॅशियम किती. जन्मजात लाँग क्यूटीत एका प्रकाराला पोहताना त्रास होतो, दुसऱ्याला गजर वाजला की. आणि क्यूटी लांबवणाऱ्या गोळ्या! अॅसिडिटीची कुठली घेता का? डोमपेरिडोन असलेली?

पर्वती_रोज
डॉक्टर, सणवार असले की घेतो, पाकिटावर बघितलं, आहे डोमपेरिडोन. चक्कर वगैरे कधी नाही, घरातही कोणी नाही. माझं घड्याळ रोज एचआरव्ही, म्हणजे ठोक्यांतल्या अंतराचं वरखाली, दाखवतं, ते हेच का?

टी_वेव्ह
नाही, ते नाडीवरून फक्त दोन ठोक्यांतलं अंतर बघतं, टी वेव्ह त्याला दिसतच नाही.

ओपीडी_नंतर
ती गोळी मनाने घेऊ नका, पुढच्या वेळी तुमच्या फिजिशियनला दोन्ही कागद दाखवून विचारा. एवढंच.

पर्वती_रोज
चालेल, धन्यवाद दोघांना. आणि खवचट, जागा मिळालीच नव्हती, नो पार्किंगला लावलेली. पहिला ईसीजी चालू असताना खिडकीतून टोइंगवाल्याचा भोंगा ऐकू येत होता.

सदाशिव_खवचट
मग ९६ कमीच आहेत.