त्रेझेगे म्हणजे फक्त एक हुकलेली पेनल्टी?

बालेवाडीकर
काल 'मधली_फळी' यांनी फ्रान्सचा स्ट्रायकर दाविद त्रेझेगेबद्दल लिहिलं, "त्रेझेगे म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा. पास दुसऱ्यांचे, पाय याचा. मोठ्या दिवशी पेनल्टी घालवली आणि शेवटी पुण्यात येऊन पैसे घेऊन गेला." रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

२००६ ला बर्लिनमध्ये विश्वचषक फायनलच्या शूटआउटमध्ये त्याची पेनल्टी आडव्या दांडीला लागली, मान्य. पण २००० च्या युरो फायनलमध्ये १०३ व्या मिनिटाला पिरेसने डावीकडून मागे काढलेला चेंडू डाव्या पायाने जाळीच्या छतात कोणी हाणला? जादा वेळेत तेव्हा 'गोल्डन गोल'चा नियम होता, म्हणजे पहिला गोल झाला की खेळ खलास. सामना तिथेच संपला, इटलीला सावरायला वेळच नाही. फ्रान्ससाठी ७१ सामन्यांत ३४ गोल, इटलीच्या युव्हेंटस क्लबसाठी १७१. क्लबला दुसऱ्या श्रेणीत ढकललं तेव्हा इब्राहिमोविच गेला, कन्नावारो गेला. हा थांबला. तिथे १५ गोल केले आणि वर आल्यावर पुढच्याच मोसमात २०.

आणि पुण्याचं म्हणाल तर २०१४ ला तो इंडियन सुपर लीगमध्ये पुणे सिटीकडून खेळला, तेव्हा गोव्याविरुद्धच्या सामन्याला मी बालेवाडीच्या स्टेडियममध्ये होतो. धावपट्टीमुळे मैदान इतकं लांब की नंबर वाचायला डोळे ताणावे लागतात. सदतिशीचा माणूस, बराच वेळ नुसता चालत होता. शेजारचे काका वैतागून म्हणाले, "याला कशाला आणलाय?" पण तो सारखा मान वळवून बचावपटूच्या खांद्यामागे बघायचा आणि दोन पावलं सरकायचा. शेवटच्या दहा मिनिटांत त्याचाच गोल झाला आणि काकांनी माझीच पाठ बडवली.

मधली_फळी
भावना पोचल्या. पण २००३ ची चँपियन्स लीग फायनल सोयीस्कर विसरलात. मिलानविरुद्ध शूटआउटमध्ये त्यांचा गोलकीपर दिदाने याचीच पेनल्टी अडवली. दोन फायनल, दोन पेनल्ट्या. पुण्यात ९ सामने, २ गोल. तिकिटाचे पैसे मीही भरले होते.

रंकाळा
पुण्यात फुटबॉलवर एवढी चर्चा बघून बरं वाटलं. आमच्याकडं कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार या तालमींची मॅच असली की पोरं दुपारपासून जागा धरून बसत्यात. पुण्याचे क्लब कुठं हायत आता? पुणे एफसी गेला, शिवाजियन्स गेला, पुणे सिटी २०१९ ला हैदराबादला. त्रेझेगेला नावं ठेवण्याआधी याचं उत्तर द्या.

पेठकरी
प्रत्येक धाग्यात कोल्हापूर आणलंच पाहिजे का? तुमचा अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला, तो घडला पुण्यात. क्लब बंद झाले ते मालकांमुळे, प्रेक्षकांमुळे नाही.

रंकाळा
घडला पुण्यात, पण चेंडूची ओढ तालमीतनं घेऊन आला होता. आणि प्रेक्षकांचं म्हणशील तर २०१३ ला तुमचा पुणे एफसी आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य लीगमध्ये, दुसरा आला, तेव्हा बालेवाडीत मी माझ्या डोळ्यांनी रिकाम्या खुर्च्या बघितल्यात. राग येऊ दे, पण खोटं बोलू नको.

पेठकरी
खोटं कोण बोलतंय? क्लब होते तेव्हा माझा मुलगा रोज सरावाला जायचा. आता सोसायटीजवळच्या टर्फवर तासाला पैसे मोजायचे, तेही संध्याकाळी बॉक्स क्रिकेटवाल्यांनी आधीच घेतलेलं. मागच्या वर्षी त्याने बूट धाकट्या भावाला देऊन टाकले. मालक निघून गेले की मुलांचं काय होतं ते मी घरात बघितलंय.

रंकाळा
हे वाचून वाईट वाटलं. यावर भांडत नाही.

बालेवाडीकर
धागा त्रेझेगेचा आहे, पण दुखणं एकच आहे. क्लब बुडत असताना थांबणारी माणसं. युव्हेंटसचं वर लिहिलंच. नंतर अर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला तेव्हा हा माणूस आपणहून तिथे गेला. २०१२ ला वर येण्याच्या निर्णायक सामन्यात दोन्ही गोल याचेच. युरोपात नाव कमावलेल्या किती स्ट्रायकरांनी दोनदा दुसऱ्या श्रेणीत घाम गाळला? मधली_फळी, तुम्ही सांगा.

मधली_फळी
रिव्हर प्लेटचं मला ठाऊक नव्हतं. आज दुपारी तो सामना शोधून पाहिला. 'आयत्या बिळावरचा नागोबा' हे शब्द मागे घेतो. २००३ मात्र मागे घेणार नाही, त्या रात्री मी युव्हेंटससाठी जागलो होतो.