निवडणीच्या पट्ट्यावर २२ बायका, सुपरवायझर मी नवी: स्वतःची पद्धत कशी ठरवायची?

तासगावची लेक

तासगावजवळच्या एका बेदाणा युनिटमध्ये निवडणी आणि पॅकिंग दोन महिन्यांपासून माझ्याकडं आहे. पट्ट्यावर २२ बायका, वजन-पॅकिंगला चार गडी. निम्म्या मावश्या माझ्या आईच्या वयाच्या. मालक म्हणतात कडक राहा, मावश्या म्हणतात लेकी, गोडीनं घे. मला कुणाची नक्कल करायची नाही. माझी मूळ पद्धत काय आहे, ती कुठं चुकते, हे प्रामाणिकपणे तपासायचंय. मोबाइलवरची एक चाचणी दोनदा भरली, दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं. वहीत लिहायचं तर नेमकं काय लिहू? आणि बायकांना विचारायचं तर कसं?

कृष्णाघाट

ताई, चाचणीत दोनदा वेगळं उत्तर येणारच. तिथं आपण "मी कशी आहे" हे सांगतो, आणि ते त्या दिवशीच्या मनावर ठरतं. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी किती चढलं हे सांगलीत कुणी अंदाजानं सांगत नाही. आयर्विन पुलाची पट्टी बघतात: ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. तुम्हालाही पट्टी लागेल, आणि ती मोजता येणाऱ्या कृतींची हवी.

हातात मावेल अशी छोटी वही घ्या. कामाचे १० दिवस, दिलेल्या प्रत्येक सूचनेपुढं एक खूण: 'सां' म्हणजे सांगितलं, 'वि' म्हणजे विचारलं, 'स्व' म्हणजे स्वतःच करून टाकलं. शेजारी वेळ आणि कुणाला ते. दिवसाला वीसेक नोंदी झाल्या तरी पुरे. चहाच्या वेळी लिहा आणि काम सुटायच्या आधी लिहा. रात्री घरी लिहायला बसलं की आठवण आपल्याच बाजूनं झुकते; आवाज चढलेला असतो, तो वहीत "जरा ठामपणे बोलले" असा उतरतो. विशेषणं टाळा. "मी चिडले" नको. "११.२०, न सांगता पट्ट्याचा वेग वाढवला, दोघींनी मान वर करून बघितलं, बोललं कुणीच नाही" असं हवं.

'स्व' कडं नीट बघा. चांगली निवडणी करणारी बाई सुपरवायझर झाली की काडी दिसताच तिचा हात आपोआप पट्ट्याकडं जातो. दिवसात आठ-दहा वेळा तसं झालं की त्या जागेवरची बाई काडी शोधायचं सोडते. पुढं ताई बघतीयच, हे तिला ठाऊक झालेलं असतं.

याहून मोलाची एक नोंद आहे: चूक तुमच्यापर्यंत कशी आली? हिरव्यात पिवळा माल मिसळला, १५ किलोचा बॉक्स कमी भरला, हे कुणी आपणहून येऊन सांगितलं की तुम्हाला सापडलं? आठवड्याच्या शेवटी दोन्ही मोजा. दहातल्या नऊ तुम्हालाच सापडत असतील तर लोक तुमच्यासमोर चूक बोलायला घाबरतात, तुम्ही स्वतःला कितीही मनमिळाऊ समजत असलात तरी. मालक कडक व्हा म्हणतात तेव्हा आधी हा आकडा बघा. तो वाईट असताना आणखी कडक झालात तर चुका कमी होणार नाहीत, दडवल्या जातील आणि थेट गिऱ्हाइकाकडं बॉक्स उघडल्यावर कळतील.

मिरज जंक्शन

वही बरोबर आहे, पण तिच्यात तेवढंच उतरतं जेवढं तुमचं तुम्हाला दिसतं. जोसेफ लुफ्ट आणि हॅरी इंगहॅम या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये चार खणांची खिडकी मांडली. त्यातला एक खण असा, की लोकांना आपल्याबद्दल दिसतं आणि आपल्यालाच दिसत नाही. तो विचारल्याशिवाय उघडत नाही.

निनावी चिठ्ठ्या मात्र नकोत. २६ जणांत अक्षर ओळखू येतं, काही मावश्या दुसरीकडून लिहून घेणार, आणि दुपारपर्यंत कुणी काय लिहिलं याचीच कुजबुज. त्यापेक्षा तिघांना एकेकटं विचारा: सगळ्यांत जुनी मावशी, सगळ्यांत नवी पोरगी आणि काट्यावरचा एक गडी. पगाराच्या दिवशी नको, कुणाला उचल हवी असेल तेव्हा नको, मालक शेडमध्ये असताना तर अजिबात नको.

"मी कशी वाटते?" असं विचारलंत तर "चांगल्या आहात की ताई" यापुढं काही मिळणार नाही. विचारा: "मागच्या आठवड्यात माझ्यामुळं तुमचं काम कुठं अडलं?" आणि गप्प राहा. मनात दहापर्यंत मोजा. पहिलं उत्तर "काही नाही" असंच असतं, खरं त्याच्यानंतर येतं. आलं की खुलासा करू नका. "पण मालकांनीच सांगितलं होतं" हे वाक्य तोंडातून गेलं की ती बाई पुन्हा बोलणार नाही. ऐका, लिहून घ्या, आणि सात दिवसांत त्यातली एक गोष्ट सगळ्यांना दिसेल अशी बदला, मग ती पट्ट्यावरच्या दिव्याची जागा का असेना. कुणी सांगितलं त्याचं नाव कुठंही काढू नका. कौतुकानंसुद्धा नाही.

अजिंक्यतारा

साताऱ्याहून लिहितोय. वरचं सगळं मान्य, फक्त वहीत 'सां' जास्त दिसले म्हणून आपण हुकूमशहा असा अर्थ काढू नका. पट्ट्याच्या रोलरजवळ कुणाचा पदर गेला तर मोठ्यानं, थेट, त्याच क्षणी सांगायचं. तिथं विचारत बसणारा प्रमुख चुकीचा.

पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी १९६९ मध्ये माणसांकडून काम करून घ्यायच्या चार रीती मांडल्या: सांगणं, पटवणं, सोबत ठरवणं, सोपवणं. त्या मांडणीला संशोधनाचा आधार सरसकट मिळालेला नाही, म्हणून तिला नियम समजू नका, प्रश्न म्हणून वापरा: या बाईला, या कामात, काय लागतं? जोर "या कामात" वर आहे. पंधरा वर्षं निवडणी केलेल्या मावशीला रंगाची प्रतवारी बिनधास्त सोपवा. तीच मावशी नवा डिजिटल काटा पहिल्यांदा हाताळेल तेव्हा पायरी पायरीनं सांगावं लागेल, आणि त्यात तिला कमीपणा वाटू नये हेही बघावं लागेल. एका कागदावर उभी नावं लिहा, आडवी कामं: निवडणी, प्रतवारी, वजन, बॉक्स बंद करणं, साफसफाई. प्रत्येक घरात वरच्या चार रीतींपैकी एकीचा आकडा भरा, १ म्हणजे सांगणं ते ४ म्हणजे सोपवणं, आणि वही शेजारी ठेवा. जिथं ४ हवा तिथं रोज 'सां' दिसत असेल तर ती तुमची सवय आहे, कामाची गरज नाही. आकडा वयावरून किंवा नोकरीच्या वर्षांवरून भरलात तर कागद वाया.

आणखी एक तपासणी, तुम्ही जागेवर नसतानाची. १९३०च्या दशकाच्या अखेरीस मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि सहकाऱ्यांनी दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवर प्रयोग केले. हुकूम सोडणारा प्रमुख खोलीबाहेर गेला की मुलांचं काम घसरायचं. सोबत घेऊन ठरवणाऱ्याच्या गटात तितका फरक पडत नसे. तुम्ही कोल्ड स्टोरेजला जाता तो एक तास आणि शेडमध्ये असता तो एक तास, दोन्हींचे बॉक्स मोजा. दोन्हीकडच्या एकेका बॉक्समधून किलोभर माल काढून काड्या मोजा. लॉट एकच हवा. चिकट माल आणि सुका माल यांची तुलना केलीत तर आकडा फसवा येईल. असं निदान तीनदा करा.

यातून बदलायची गोष्ट एकच निवडा आणि सहा आठवडे तीच धरून ठेवा. "आजपासून मी वेगळी वागणार" असं जाहीर करू नका. लोक मग कामाऐवजी तुम्हालाच पारखत बसतात.

तासगावची लेक

खूप आभार. वही उद्यापासूनच सुरू करते. एक अजून अडतंय: मावशीची चूक सगळ्यांसमोर दाखवायची की बाजूला घेऊन? बाजूला बोलावलं की पट्टाभर चर्चा होते, काय झालं म्हणून.

मिरज जंक्शन

बोलावूच नका, तुम्ही तिच्या जागेवर जा. समोर नको, शेजारी उभ्या राहा, म्हणजे दोघींची नजर मालावर राहते. तिनं निवडलेल्या मालातले मूठभर दाणे परातीत पसरा आणि हळू आवाजात म्हणा, "मावशी, यात काड्या राहिल्यात. उजेड कमी पडतोय का पट्टा जोरात आहे?" कारण तिला सांगू दे. बऱ्याचदा उजेड खरंच कमी असतो, नाहीतर दुपारनंतर डोळे दमलेले असतात. मग तासभर बॉक्स चिकटवायला बसवा आणि तिथली बाई पट्ट्यावर आणा.

तीच चूक तिसऱ्यांदा झाली तर काम सुटल्यावर, दोघीच, दोन मिनिटांत. जुन्या चुका त्यात ओढू नका. त्या दिवशीच्या नोंदीत मावशीनं दिलेलं कारण तिच्याच शब्दांत लिहा. तेच कारण तिघींकडून आलं तर दोष हातांचा नाही, दिव्याचा किंवा वेगाचा आहे, आणि ते मालकांकडून करून घेणं तुमचं काम.