सहकाऱ्याच्या तुटक उत्तराचा अर्थ कसा लावावा?

प्रश्न: मी सविस्तर ईमेल पाठवतो, तेव्हा एक सहकारी केवळ ‘ठीक, पुढे जा’ एवढेच लिहितात. ही नाराजी समजावी का?

उत्तर १: बहुधा नाही. मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टन यांनी १९२८ मध्ये मांडलेल्या विचारांवरून पुढे ‘डिस्क’ (DISC) ही माणसांच्या वर्तनशैली ओळखण्याची पद्धत विकसित झाली. तीत जिला वर्चस्वशैली म्हणतात, त्या शैलीची माणसे आधी निष्कर्ष मागतात आणि तपशील, वेळ उरल्यास, नंतर वाचतात. निर्णय पहिल्याच ओळीत लिहून पाहावा.

उत्तर २: सहमत आहे, मात्र शैली म्हणजे कायमचा शिक्का नव्हे. माझे एक वरिष्ठ बैठकीत तुटक बोलत, पण आकडे चुकले की शेजारी बसून रकानान् रकाना तपासत.

प्रश्नकर्ता: काल विषयाच्या ओळीतच ‘गुरुवारपर्यंत मंजुरी हवी’ असे लिहिले. उत्तर एकाच शब्दाचे आले: ‘मंजूर’.