नर्सिंग झाल्यावर थेट हॉस्पिसमध्ये जावं का?

मुक्ता: नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. बरे न होणाऱ्या रुग्णांच्या अखेरच्या दिवसांतली शुश्रूषा, म्हणजे हॉस्पिसचं काम, करायची मनापासून इच्छा आहे. घरचे म्हणतात, रोज मरण बघून खचशील. थेट जावं की आधी हॉस्पिटलच्या वॉर्डात काम करावं?

सरिता: आधी वॉर्ड, निदान दोन वर्षं. हॉस्पिसमध्ये, आणि घरी जाऊन सेवा देताना तर जास्तच, रात्री डॉक्टर जवळ नसतात. रुग्ण अचानक बरळायला लागला, तर ते मॉर्फिन या वेदनाशामकामुळे, लघवी तुंबल्यामुळे की शेवट जवळ आल्यामुळे, हे आधी तुझ्या लक्षात यायला हवं. लघवी तुंबली असेल तर कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातल्यावर माणूस शांत होऊ शकतो. तेच नुसतं गुंगीचं औषध दिलं, तर घरच्यांशी बोलायचे त्याचे शेवटचे तास गेले. ही नजर वॉर्डातच तयार होते.

अनाहत: सरिताताई, पटत नाही. वॉर्डात हाताला वेगळंच वळण लागतं. घशात घरघर सुरू झाली की स्राव ओढून काढायला सक्शन यंत्राकडे धाव, खाणं सुटलं की नळी. हॉस्पिसमध्ये कूस बदलतात, तोंड ओलं ठेवतात, आणि या आवाजाचा बहुधा रुग्णाला त्रास होत नसतो, हे घाबरलेल्या नातेवाइकांना समजावतात. आधुनिक हॉस्पिस उभं करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स मुळात नर्सच होत्या.

सरिता: होत्या, पण मग समाजसेविका झाल्या, १९५७ मध्ये डॉक्टर, आणि लंडनचं त्यांचं सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू झालं १९६७ मध्ये. दुखणं उसळायची वाट न बघता ठरल्या वेळी मॉर्फिन द्यायचं, हा आग्रह त्यांनी इतक्या तयारीनंतर धरला. उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

निशिगंध: मुक्ता, खचण्याबद्दल सांगते, मी हेच काम करते. मरणापेक्षा जास्त खचवतं ते न शमलेलं दुखणं आणि रुग्णाजवळ बसायला न मिळालेला वेळ. म्हणून मुलाखतीत तूही विचार: रात्री एका नर्सकडे किती रुग्ण? मॉर्फिनचा डोस वाढवायचा तर फोन कोणाला, आणि तो उचलला जातो का? रुग्ण गेल्यावर सगळे मिळून बोलता का? उत्तरं गुळमुळीत आली तर तिथे जाऊ नकोस.

अनाहत: दोन वर्षांची अट मला अजूनही मान्य नाही. पण सुरुवातीचे महिने जुन्या नर्सच्या जोडीनेच ड्यूटी मिळेल, हे लेखी घे. ते देत नसतील, तर सरिताताईंचं ऐक.