पेद्रो : मेस्सीच्या लग्नातला करवला?

चेंडूपलीकडे : काल मित्राशी जोरदार वाजलं. तो म्हणतो बार्साचा (बार्सिलोना क्लबचा) जुना फॉरवर्ड, स्पेनचा पेद्रो म्हणजे मेस्सीच्या लग्नातला करवला, नटूनथटून फोटोत उभा राहिला आणि आहेर घरी घेऊन गेला. वर्ल्डकप, युरो, तीन चॅम्पियन्स लीग, पुढे चेल्सीकडून प्रीमियर लीग, एफए कप, युरोपा लीग, हे सगळं नुसतं नशीब? २०११ ची वेम्बलीची चॅम्पियन्स लीग फायनल परत लावा आणि चेंडू सोडून फक्त पेद्रोवर नजर ठेवा. मेस्सी खाली सरकला रे सरकला की हा समोरच्या डिफेंडरच्या पाठीमागे सुटतो, पास येवो न येवो, मग परत येऊन डिफेन्सला हातभार, मग परत तेच. २७ व्या मिनिटाला मिडफिल्डर झावीने बुटाच्या बाहेरच्या बाजूने चेंडू सरकवला तेव्हा हा मोकळा होता, जवळच्या पोस्टातून गोल. मोकळा आपोआप होतो का कोणी?

रात्रपाळी : अरे पण झावी पास देतोय, मेस्सी तिघांना खेचतोय, त्यात धावणं हे कौशल्य झालं होय! धावतो तर आमचा पोस्टमनपण. बार्सात नेमार-सुआरेझ हे फॉरवर्ड आले आणि साहेब बाकावर. खरा मोठा प्लेयर असता तर बसवला असता का?

जुना हॉस्टेलवाला : बाकावरून उठूनच तर कामं केलीत त्याने. २००९ चा युरोपचा सुपर कप, शाख्तारविरुद्ध ११५ व्या मिनिटाला गोल. २०१५ चा सुपर कप, तिबिलिसीत सेव्हियाशी ४-४, बदली म्हणून आला आणि परत ११५ व्याच मिनिटाला गोल, मिनिटसुद्धा बदललं नाही पठ्ठ्याने! तो बार्सासाठी शेवटचा, एकूण ९९. शंभरावा मारायला थांबलापण नाही, चेल्सीला गेला. आणि २००९ ला अबुधाबीत क्लब वर्ल्डकपच्या फायनलमध्ये ८९ व्या मिनिटाला हेडर मारून बरोबरी कोणी केली? तो नसता तर बार्साचे त्या वर्षीचे सहाच्या सहा कप झालेच नसते, पण लोकांना आठवतो मेस्सीचा छातीने मारलेला गोल.

रात्रपाळी : बरं, ते मान्य. पण चेल्सीत पण स्टार हझार्डच होता ना. हा कायम नंबर दोन नाहीतर तीन.

निळी बाजू : मी चेल्सीवाला, म्हणून बोलतो. २०१६ ला आमचाच जुना कोच मोरिन्यो मँचेस्टर युनायटेड घेऊन आमच्याकडे आला, तिसाव्या सेकंदाला पेद्रोचा गोल, मी चहाचा कप घेऊन येईपर्यंत १-०. बाकूच्या युरोपा फायनलमध्ये पण आर्सेनलला एक मारला. नंबर दोन म्हणा हवं तर, असला नंबर दोन आम्हाला दरवर्षी चालेल. आणि मेस्सीशिवाय काय केलं म्हणताय तर मे २०२५ बघा, वय ३७, इटलीत लाझिओकडून सान सिरोवर इंटरला दोन गोल, दुसरा नव्वदाव्या मिनिटाला पेनल्टी, २-२. इंटरची लीग एका पॉइंटने गेली. तिथे कुठला झावी होता?

रात्रपाळी : ठीक आहे, मग एकच सांगा. २०१० च्या वर्ल्डकपची सेमीफायनल, समोर जर्मनी. स्पेन १-० पुढे, शेवटची काही मिनिटं, पेद्रो मोकळा सुटलाय, डावीकडे तोरेस एकटा, समोर फक्त गोली आणि एक डिफेंडर. पास दे ना बाबा! हा स्वतःच ड्रिबल करत बसला आणि चेंडू घालवला. कुठे गेली टीमसाठीची हमाली? नेदरलँड्सविरुद्धच्या फायनलला पण तासाभरात काढून नावासला आणला आणि इनिएस्ताच्या गोलची सुरुवात नावासच्या धावेतून झाली.

चेंडूपलीकडे : नावासचं मान्य. पण ती धाव सुरू झाली तेव्हा मिनिट ११६ होतं आणि डच लोक मेले होते दमून. पहिला तासभर त्यांना कोणी पळवलं?

तोरेसच्या पासचं मात्र आजही काही बोलू शकत नाही. रात्री दोन वाजता मी टीव्हीला शिव्या घातल्या होत्या, आई उठून बाहेर आली होती.